खोक्यातून आलेलं विमान: गोंद कुठे लावायचा, कुठे नाही

रेडिओवर उडणाऱ्या मॉडेल विमानाचं एआरएफ (ऑलमोस्ट रेडी टू फ्लाय, म्हणजे जवळपास उडायला तयार) प्रकारातलं खोकं उघडलं की पहिल्यांदा वाटतं, यात आपण करायचं काय उरलंय? पंख तयार, धड तयार, वर चकचकीत फिल्म चढवलेली, स्क्रूंची पाकिटं वेगवेगळी बांधलेली. मोटर, सर्व्हो (पंखा-शेपटाचे भाग हलवणाऱ्या छोट्या मोटरी) आणि रिसीव्हर (रेडिओचा सिग्नल घेणारा डबा) तेवढे आपण घालायचे. पुस्तिकेतल्या चित्रांप्रमाणे गेलं तर तीन-चार संध्याकाळींत विमान चाकांवर उभं राहतं. उडतंही. खरी परीक्षा होते ती सूर मारून ते पहिल्यांदा जोरात वर खेचतो तेव्हा, किंवा ते पहिल्यांदा आदळून उतरतं तेव्हा. अशा वेळी लाकूड क्वचितच हार मानतं. सुटतो तो जोड.

म्हणून या लेखात जुळणीची सगळी पानं पुन्हा लिहीत नाही. ती पुस्तिकेत असतात आणि बहुतेक वेळा ठीक असतात. पुस्तिकेत नसतं ते हे की उडताना आणि उतरताना जोर कुठून कुठे जातो, आणि त्या वाटेवरचा कुठला जोड कारखान्याने घाईत केलेला असू शकतो.

उदाहरणासाठी नवशिक्यांचं नेहमीचं विमान घेऊ: पंख धडाच्या वर, पंखाची एकूण लांबी १.६ मीटर, उडतानाचं वजन अडीच किलो, पुढे इलेक्ट्रिक मोटर. आत बाल्सा नावाचं अगदी हलकं लाकूड आणि हलका प्लाय, वरून उष्णतेने आकसणारी प्लास्टिकची फिल्म. अशी बरीचशी विमानं व्हिएतनाम आणि चीनमधल्या कारखान्यांत तयार होतात. भाग लेझरने कापलेले असतात, त्यामुळे मापं अचूक असतात आणि एक भाग दुसऱ्याच्या खाचेत टप्पकन बसतो. गोम इथेच आहे. भाग इतका छान बसतो की गोंद कमी पडला तरी वरून कळत नाही. शिवाय लेझरने कड काळी पडलेली असते, आणि त्या जळक्या थरावर गोंद धरतो खरा, पण उघड्या लाकडावर धरतो तितका नाही.

जोर किती पडतो

समजा विमान ताशी ९० किलोमीटरने खाली येतंय आणि तुम्ही ते १५ मीटर त्रिज्येच्या वळणातून वर घेतलं. नवशिक्याच्या हातून एवढं सहज होतं. गणित मांडलं तर त्या क्षणी पंखांवर विमानाच्या वजनाच्या सव्वापाच पट भार येतो. अडीच किलोचं विमान पंखांना १३ किलोचं वाटतं. वेग दीडपट असता तर वळणाचा भाग सव्वादोन पट झाला असता, कारण हा भार वेगाच्या वर्गाने वाढतो.

१३ किलो म्हणजे एका पंखावर साडेसहा. ते वजन पंखाच्या मुळापासून सरासरी ३५ सेंटिमीटरवर टांगलंय असं धरा. पंखाच्या आत वर एक आणि खाली एक अशा लाकडी पट्ट्या जातात, त्यांना स्पार म्हणतात. दोन्हींमध्ये जेमतेम ३ सेंटिमीटर अंतर. साडेसहा गुणिले ३५ भागिले ३. उत्तर ७५ किलोच्या आसपास येतं. म्हणजे मुळाशी वरच्या पट्टीवर ७५ किलोचा दाब आणि खालच्या पट्टीवर तेवढाच ताण. पेन्सिलीएवढ्या जाडीच्या लाकडावर!

ती पट्टी हे सहन करते, कारण बाल्सा काय किंवा स्प्रूस काय, रेषांच्या दिशेने ताणलं तर चिवट असतं. पण वरची पट्टी आणि खालची पट्टी एकमेकींपासून ३ सेंटिमीटरवरच राहिल्या, तरच हा हिशोब लागू. ते अंतर राखायला दोन्हींच्या मध्ये पातळ उभे पडदे चिकटवलेले असतात. त्यांना शिअर वेब म्हणतात आणि त्यांच्या रेषा उभ्या असाव्या लागतात. पडद्यांचा गोंद सुटलेला असेल तर दाबाखालची वरची पट्टी बाजूला वाकते आणि पंख मिटतो. एलेरॉनच्या, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेच्या हलणाऱ्या पट्टीच्या, सर्व्होसाठी ठेवलेल्या खिडकीतून टॉर्च मारला तर मुळाजवळचे दोन-तीन पडदे दिसतात. तेवढे दिसले तरी पुरे, कारण भार तिथेच सर्वांत जास्त असतो. टोकाकडे तो झपाट्याने कमी होत जातो, त्यामुळे पंखाच्या टोकाला काहीही वाढवायच्या भानगडीत पडू नका.

कच्चा जोड ओळखायचा कसा

धड दोन्ही हातांत धरून हलकेच पिळायचं आणि कान द्यायचा. बारीक ‘कट्’ किंवा ‘कर्र’ असा आवाज आला तर आत कुठला तरी जोड कोरडा आहे. मग टॉर्च आणि दातांच्या डॉक्टरांकडे असतो तसा छोटा आरसा घेऊन आत बघायचं, संशयित भाग अंगठ्याने दाबून पाहायचा. फिल्मवरून टिचकी मारूनही अंदाज येतो. सुटलेली रिब, म्हणजे पंखाला आकार देणारी आतली पातळ फळी, फडफडते.

आता गोंद. घरात फेव्हिक्विक, अराल्डाइट आणि फेव्हिकॉल हे तिन्ही असतात, आणि मॉडेलवाल्यांचे गोंदही मुळात याच तीन जातींचे आहेत: सीए म्हणजे सायनोअ‍ॅक्रिलेट, इपॉक्सी आणि लाकडाचा पांढरा किंवा पिवळा गोंद. कुठला कुठे, हे कळलं की अर्धं काम झालं.

पातळ सीए पाण्यासारखा असतो आणि फटीत स्वतःहून शिरतो. पूर्ण कोरड्या जोडाला तो उत्तम: एक थेंब, जोड दाबून धरला की झालं. मात्र जोडात कारखान्याचा गोंद आधीच थोडाफार असेल, तर लाकडाची छिद्रं बंद झालेली असतात आणि पातळ सीए वरून ओघळून जातो. तिथे कोपऱ्यात लाकडाच्या गोंदाची किंवा इपॉक्सीची बारीक रेघ ओढायची. इंजेक्शनची सिरिंज किंवा लांब काडी यासाठी उपयोगी पडते. ही रेघ भाताच्या शितापेक्षा जाड नको.

इपॉक्सी दोन प्रकारची घ्यावी. पाच मिनिटांची किरकोळ कामाला, तीस मिनिटांची जिथे जीव टांगलेला आहे तिथे. लवकर घट्ट होणारी इपॉक्सी लाकडात मुरायच्या आतच आळते. सावकाश होणारी आत जाते आणि जास्त चिवट राहते. इथे आपल्या हवामानाचाही हिशोब धरा. तापमान १० अंशांनी वाढलं की इपॉक्सी आळायचा वेळ साधारण निम्मा होतो. मे महिन्यात नागपूरला ‘तीस मिनिटांची’ इपॉक्सी दहा-बारा मिनिटांतच हातघाईवर आणू शकते. खोल वाटीत कालवली तर ती स्वतःच्या उष्णतेने आणखी लवकर जाते. डब्याच्या सपाट झाकणावर पसरून कालवावी.

सीएबद्दल दोन सूचना, कारण त्या बाटलीवर बारीक अक्षरांत असतात. त्याच्या वाफा डोळ्यांना झोंबतात, तेव्हा वरून वाकून काम करू नका. आणि सांडलेला सीए सुती फडक्याने पुसू नका. सुताशी त्याची प्रक्रिया इतकी जोरात होते की फडकं हाताला चटका देण्याइतकं तापतं.

मोटर ज्याला टांगलेली असते

धडाच्या तोंडाशी प्लायचा उभा पडदा असतो, फायरवॉल. मोटरचा सगळा ओढ, सगळी थरथर आणि पंखा (प्रोपेलर) जमिनीला लागला तर बसणारा धक्का याच पडद्यावर येतो. मला विचाराल तर खोक्यातल्या कुठल्याही विमानात हात घालायची पहिली जागा हीच. अनेकदा तो खाचांत बसवून कडेने गोंदाचे चार ठिपके दिलेले असतात.

करायचं एवढंच: मागच्या बाजूने, फायरवॉल आणि धडाची भिंत मिळते त्या कोपऱ्यात, बाल्साची त्रिकोणी पट्टी इपॉक्सीने बसवायची. चारही कोपऱ्यांत जमलं तर उत्तम. बॅटरीची जागा अडत असेल तर दोन बाजूंनी तरी. त्याने चिकटण्याची जागा कित्येक पटींनी वाढते. त्याहून खात्रीचा उपाय खिळ्यांचा आहे, पण लोखंडी नाही. धडाच्या बाहेरून फायरवॉलच्या कडेत शिरतील अशी २ मिलिमीटरची भोकं पाडायची, प्रत्येक बाजूला दोन-तीन, आणि त्यात बांबूच्या काड्या इपॉक्सीत बुडवून ठोकायच्या. बाहेर राहिलेलं टोक कापून घासायचं. आता गोंद सुटला तरी फायरवॉल पुढे निघून येऊ शकत नाही.

हे करताना एक गोष्ट दिसेल आणि ती चूक वाटेल: फायरवॉल सरळ नसते. ती किंचित उजवीकडे आणि खाली झुकलेली असते, साधारण दोन-तीन अंश. ते मुद्दाम केलेलं आहे. पंख्याच्या फिरण्यामुळे विमान डावीकडे ओढलं जातं आणि जोर वाढवला की नाक उचलतं; त्याचा तोल त्या तिरपेपणाने साधला जातो. वॉशर घालून ते ‘सरळ’ करायला जाऊ नका.

मोटर बसते ती ब्लाइंड नटांवर, म्हणजे मागून ठोकलेल्या, दात असलेल्या नटांवर. बोल्ट सैल करताना हा नट मागे गळून पडला तर बंद डब्यासारख्या नाकात तो परत बसवणं म्हणजे वैताग. बसवतानाच त्याच्या कडेला इपॉक्सी लावून टाका. आट्यांत गोंद जाऊ नये म्हणून बोल्टला आधी व्हॅसलीन चोपडा. मोटरच्या बोल्टांना निळं थ्रेडलॉक, म्हणजे आटे सैल होऊ न देणारा गोंद, लावायचं, पण ते धातूवर धातू असेल तिथेच. प्लास्टिकचे काही प्रकार थ्रेडलॉकने ठिसूळ होऊन तडकतात.

पंखांची जोडणी

दोन पंख मधोमध प्लायच्या जोडपट्टीने किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या नळीने एकत्र येतात. नळीवाले पंख सुटे होतात, त्यांत फार काही करायचं नसतं. नळी सरकताना घट्ट पण अडकत नाही ना, एवढं बघा. जोडपट्टी असेल तर आधी गोंद न लावता पूर्ण जुळवणी करा. पट्टी हातोडीने ठोकावी लागत असेल तर ती घासायला हवी, नाहीतर आत जाताना सगळी इपॉक्सी खरवडून बाहेर येईल आणि जोड कोरडाच राहील. पट्टी खुळखुळत असेल तर इपॉक्सीत कापसाचे बारीक तंतू मिसळून ती फट भरा. बाजारात मायक्रोबलून नावाची पांढरी भुकटीही मिळते. ती खड्डे बुजवायला आहे, ताकदीला नाही. इथे वापरू नका.

पट्टीच्या सगळ्या बाजूंना, ती जाते त्या कप्प्याच्या आत काडीने, आणि दोन्ही पंखांच्या मुळाच्या रिबवर इपॉक्सी लावायची. जोडून टेपने आवळायचं, बाहेर आलेली इपॉक्सी स्पिरिटने पुसायची, आणि रात्रभर हात लावायचा नाही. वर मधल्या सांध्यावर पाचेक सेंटिमीटर रुंद फायबरग्लासची पट्टी इपॉक्सीने गुंडाळली तर फारच छान, पण तिच्याखालची फिल्म आधी काढलेली हवी. फिल्मवर चिकटवलेली पट्टी ही फिल्मलाच चिकटलेली असते, पंखाला नाही.

शेपूट: ताकद घालण्यापेक्षा न घालवणं

आडवं आणि उभं शेपूट धडाला चिकटवायचं असतं, आणि चिकटवायच्या जागेवरची फिल्म काढावी लागते. बहुतेक जण पट्टी धरून कटरने कापतात. फिल्म कापली जाते, आणि तिच्याबरोबर खालच्या बाल्सावरही एक बारीक काप पडतो. दिसत नाही, पण हिशोब बघा. शेपटाचा बाल्सा ६ मिलिमीटर जाड आहे आणि वरून-खालून अर्धा-अर्धा मिलिमीटर काप गेला, तर ५ मिलिमीटर उरले. वाकण्याची ताकद जाडीच्या वर्गाने बदलते. म्हणजे ती ३० टक्क्यांनी घटली. शिवाय काप ही तडा सुरू व्हायची तयार जागा असते. आणि तो काप असतो नेमका धडाच्या कडेला, जिथे शेपटावर सर्वांत जास्त जोर पडतो. हवेत शेपूट गळाल्यावर रेडिओच्या माथी मारलं जाणारं बरंच काही या कापापासून सुरू झालेलं असतं.

उपाय सोपा. सोल्डरिंग आयर्नचं टोक पोलादी पट्टीच्या कडेने न थांबता सरकवत न्या. फिल्म वितळून तुटते, लाकूड शाबूत राहतं. रेघ धडाच्या कडेपासून २-३ मिलिमीटर आत ठेवा, म्हणजे फिल्मची कड धडाखाली दाबली जाते आणि पुढे उचकटत नाही.

चिकटवण्याआधी मापं. डाव्या पंखाच्या टोकापासून शेपटाच्या डाव्या टोकापर्यंत, आणि उजवीकडेही तसंच. दोन्ही अंतरं सारखी हवीत. मग चार-पाच मीटर मागे उभं राहून डोळ्याने पंख आणि शेपूट समांतर आहेत का बघा. डोळा या कामात मोजपट्टीपेक्षा तल्लख असतो. झुकाव असेल तर शेपटाची खाच घासायची किंवा पातळ लाकडाची चकती द्यायची. इपॉक्सी तीस मिनिटांचीच, कारण ती आळेपर्यंत मापं पुन्हा घेता येतात.

आणि इथेच हात आवरायचा. शेपटाला ‘थोडा जास्तच’ गोंद लावायचा मोह होतो, पण शेपूट तोलाच्या बिंदूपासून पाऊण मीटर मागे असतं आणि नाकात वजन ठेवायची जागा पाव मीटर पुढे. मागे १० ग्रॅम वाढले की पुढे ३० ग्रॅम शिसं लागतं. १० ग्रॅम गोंदाची किंमत ४० ग्रॅम. आपल्या अडीच किलोच्या विमानात सगळी मजबुती मिळून ४०-५० ग्रॅमच्या आत बसायला हवी, असा माझा हिशोब असतो, आणि त्यातलं बहुतेक पंखाच्या पुढे. ड्रोन नियम, २०२१ मध्येही वजनाचे गट पाडलेले आहेत, २५० ग्रॅम ते २ किलो सूक्ष्म आणि त्यापुढे २५ किलोपर्यंत लहान, आणि अटी गटागटाने बदलतात. खोकं विकत घेतानाच त्यावरचं उडतानाचं वजन वाचून ठेवावं.

बिजागऱ्या

एलेरॉन, एलिव्हेटर (आडव्या शेपटाचा हलणारा भाग) आणि रडर (उभ्या शेपटाचा हलणारा भाग) ज्या बिजागऱ्यांवर हलतात त्या कागदासारख्या दिसणाऱ्या पट्ट्या असतात. खोक्यातून काढताना त्या जागेवर खोचलेल्या असतात, त्यामुळे चिकटवलेल्या आहेत असं वाटतं. पुष्कळदा त्या नुसत्या खोचलेल्या असतात. हळूच ओढा, बाहेर आल्या तर बरंच झालं, आधी कळलं.

बिजागरीच्या मधोमध टाचणी टोचायची, म्हणजे ती दोन्हीकडे निम्मी-निम्मी राहते. खाचेच्या मध्यावर २ मिलिमीटरचं भोक पाडलं तर सीए खोलवर पोचतो. मग टाचणी काढून, भाग वाकवून, प्रत्येक बिजागरीला वरून तीन-चार आणि खालून तीन-चार थेंब पातळ सीए. इथे सीए लगेच सुकवणारा फवारा वापरायचा नाही; गोंद आत मुरायच्या आधीच कडेला आळतो. दहा मिनिटांनी प्रत्येक भाग चांगला ओढून बघा. ‘तुटेल की काय’ असं वाटण्याइतका. तुटायचंच असेल तर टेबलावर तुटू दे.

हे हलणारे भाग आणि सर्व्हो यांच्यात खेळ, म्हणजे सैलपणा, राहिला तर विशिष्ट वेगाला तो भाग हवेत थरथरू लागतो. याला फ्लटर म्हणतात. जमिनीवरून भुंग्यासारखी गुणगुण ऐकू येते, आणि दोन-तीन सेकंदांत बिजागरी, सर्व्होचे दात किंवा अख्खं शेपूट निकामी होऊ शकतं. ऐकू आलं की मोटरचा जोर शून्य, नाक वर, वेग कमी. टाळायचं कसं? सर्व्होच्या हाताचं आतलं भोक आणि हलणाऱ्या भागावरच्या हॉर्नचं, म्हणजे दांडी जोडायच्या शिंगाचं, बाहेरचं भोक वापरा, म्हणजे सैलपणाचा परिणाम कमी होतो. लांब दांडीला मध्ये आधार द्या. क्लेव्हिसवर, म्हणजे दांडीच्या टोकाच्या चिमट्यावर, सिलिकॉनच्या नळीचा तुकडा चढवा, म्हणजे तो उघडत नाही.

जिथे तुटणं बरं

चाकांची तार किंवा पट्टी धडाच्या पोटातल्या प्लायच्या तुकड्याला जोडलेली असते. आपल्याकडे उडवायला मिळतात ती मैदानं, कापणी झालेली शेतं, कुठे माळरान. गुळगुळीत धावपट्टी क्वचितच. त्यामुळे हा तुकडा उखडणं ही सर्वांत नेहमीची मोडतोड. इथेही त्रिकोणी पट्ट्या आणि इपॉक्सी, आणि आतून पातळ फायबरग्लास कापडाचा तुकडा, जो पुढच्या आणि मागच्या आडव्या पडद्यापर्यंत पोचेल. उद्देश असा की धक्का एका तुकड्यावर न थांबता धडाच्या भिंतींत पसरावा.

पण मग कोणी जोशात येऊन चाकं पोलादी बोल्टांनी आवळतो. अति तिथे माती. धक्का कुठेतरी जाणारच. चाकं निखळली नाहीत तर धडाचं पोट फाटेल. म्हणून चाकांना नायलॉनचे बोल्ट लावावेत. जबर आदळलं की ते कापले जातात, चाकं बाजूला पडतात आणि धड वाचतं. नवा बोल्ट लावला की दहा मिनिटांत पुन्हा तयार. पंखांचंही तसंच. नवशिक्यांच्या विमानात पंख रबरबँडने बांधतात ते स्वस्तात काम उरकावं म्हणून नाही. पंखाचं टोक झाडाला लागलं तर पंख सरकून निघतो, मोडत नाही. रबरबँड दोन्ही बाजूंना सारखे, शेवटचे दोन तिरके, आणि चिरलेला एकही नको. बोल्टांचे पंख असतील तर बोल्ट नायलॉनचेच राहू द्या आणि खालचा, ज्यात बोल्ट शिरतो तो प्लायचा ठोकळा तेवढा पक्का करा.

स्क्रूंची एक युक्ती इथेच सांगून टाकतो. सर्व्हो ज्या हलक्या प्लायवर बसतात तो इतका मऊ असतो की स्क्रू थरथरीने सैल होत जातात. स्क्रू एकदा पिळून बाहेर काढा, भोकात पातळ सीएचा एक थेंब सोडा, पूर्ण सुकू द्या, मग पुन्हा स्क्रू लावा. लाकडातले आटे कडक झालेले असतात. सुकायच्या आत स्क्रू लावलात तर तो कायमचा तिथलाच.

तोल आणि बाकीचं

मजबुतीनंतर तोल नव्याने बघावाच लागतो. बॅटरी जागेवर ठेवून, पुस्तिकेत दिलेल्या बिंदूंवर, जे या प्रकारच्या विमानात पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या पाव ते एक तृतीयांश अंतरावर असतात, दोन बोटांनी विमान उचला. नाक किंचित खाली गेलं तर चालेल. शेपूट खाली गेलं तर उडवू नका. विमान रिमोटच्या काठीच्या इशाऱ्याला जास्तच प्रतिसाद देतं आणि सावरता येत नाही. शिसं ठेवण्याआधी बॅटरी पुढे सरकवून बघा.

मोटरची निवड हा वेगळा विषय आहे. शिकाऊ विमानाला किलोमागे साधारण २०० ते २२० वॅट धरले तर आपल्याला ५५० वॅटच्या आसपास लागतील. चार सेलच्या १४.८ व्होल्टच्या बॅटरीवर ते ३७ अँपिअर होतात. स्पीड कंट्रोलर, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणारा भाग, ५०-६० अँपिअरचा घ्या. टेबलावर मोटर तपासताना पंखा काढून ठेवा, दर वेळी. आणि रिसीव्हरचं फेलसेफ असं बसवा की सिग्नल गेला तर मोटर बंद होईल.

फोमच्या विमानांबद्दल थोडंसं, कारण आता खोक्यात बऱ्याचदा तीच येतात. ईपीओ फोम धक्का पचवतो पण लवकर वाकतो. पंखाच्या खालच्या अंगाला काचतंतूंची टेप लावली तर तो ताण घेते. वरच्या अंगाला तिचा फारसा उपयोग नाही, कारण तिथे दाब असतो आणि टेप दाब घेत नाही. दोन्ही हवं असेल तर कार्बनची नळी बसवावी. साध्या थर्मोकोलवर मात्र नेहमीचा सीए टाकू नका, तो फोम खातो.

पहिल्या दोन-चार उड्डाणांनंतर विमान उजेडात धरून फिल्मवरच्या सुरकुत्या बघा. कोकणातल्या दमट हवेत किंवा उन्हात उभ्या गाडीत राहिलं की फिल्म ढिली पडते आणि जिकडेतिकडे बारीक सुरकुत्या येतात. त्या घाबरण्यासारख्या नसतात. इस्त्री आधी फिल्मच्या टाकाऊ तुकड्यावर फिरवून उष्णता ठरवा, मग वरून फिरवली की सुरकुत्या जातात. एकाच जागी, एकाच दिशेने तिरक्या गेलेल्या, आधी नसलेल्या सुरकुत्या वेगळ्या. पंखाच्या मुळाशी किंवा शेपटाच्या पुढे धडावर त्या दिसल्या तर आतला सांगाडा पिळला गेलाय, कुठला तरी जोड सुटलाय. तिथे इस्त्री फिरवली तर खूणच पुसली जाईल. फिल्मला खिडकीएवढा काप द्या, आत टॉर्च मारा, सुटलेला जोड जागेवर दाबून सीए सोडा, आणि वर त्याच रंगाचा तुकडा चिकटवा.